डिप्रेशनवर खरंच नवीन औषध येतंय, की जुनीच गोळी नव्या पाकिटात?

वेर्ण्याचा_केमिस्ट
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून एक फॉरवर्ड फिरतोय, "डिप्रेशनवर क्रांतिकारी औषध, काही तासांत फरक". खाली सगळ्यांचे हात जोडलेले आणि एकजण विचारतोय म्हापशाला कुठल्या फार्मसीत मिळेल. मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासायला) आहे, कंपनी विचारू नका. डॉक्टर नाही, पण या गोळ्यांच्या बॅचेस वर्षानुवर्षं हाताखालून जातायत म्हणून वाचत असतो. तेव्हा नवीन म्हणजे नक्की किती नवीन ते एकदा बोलूया.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या आजाराची पहिली दोन औषधं कुणी ठरवून शोधलेली नाहीत, पेशंटकडे नीट बघणाऱ्यांना ती दिसली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीवर आयप्रोनियाझिड देऊन बघत होते, तर महिनोन्‌महिने खाटेवर पडलेली माणसं उठून गप्पा मारायला लागली, जेवण मागायला लागली, वॉर्डात नाचतानाचे त्यांचे फोटो पेपरात आले. मग नेथन क्लाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने तेच डिप्रेशनवर वापरलं. (पुढे लिव्हरच्या त्रासामुळे ते मागे घ्यावं लागलं तो भाग वेगळा.) साधारण त्याच काळात स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेनला रोलँड कून हा डॉक्टर गायगी कंपनीचं एक औषध स्किझोफ्रेनियासाठी तपासत होता, तिथे ते काही चाललं नाही पण उदासीच्या पेशंटमध्ये फरक दिसला. ते इमिप्रामिन, साल १९५७.

आणि त्यानंतर? फ्लुऑक्सेटिन लिली कंपनीच्या लॅबमध्ये १९७२ ला तयार झालं, अमेरिकेत मंजुरी १९८७ च्या डिसेंबरात, ते खरंच मुद्दाम डिझाइन केलेलं होतं, मान्य. पण पुढचं बघा. एस्सिटॅलोप्रॅम म्हणजे जुन्या सिटॅलोप्रॅमच्या दोन आरशातल्या जुळ्या रेणूंपैकी एक वेगळा काढलेला. डेसव्हेन्लाफॅक्सिन म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन खाल्ल्यावर आपलं लिव्हर जे बनवतं तेच आधीच बनवून दिलेलं. आणि ते फॉरवर्डमधलं क्रांतिकारी एस्केटामिन, ते केटामिनचा अर्धा भाग, जे भूल द्यायला १९७० पासून वापरतात. केमिस्ट्रीवाल्याला यात गंमत वाटते, पण क्रांती वगैरे शब्द वाचले की हसू येतं.

रात्रपाळी
केमिस्टभाऊ, धागा चांगला आहे पण "जुनंच" म्हणून झटकून टाकू नका. मी सायकिअ‍ॅट्रीत आहे, जास्त ओळख देत नाही. इमिप्रामिन आणि त्याच्या भाऊबंदांचा डोस जरा जास्त पोटात गेला तर हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. आता विचार करा, ज्याच्या डोक्यात जीव द्यायचे विचार घोळतायत त्याच्याच हातात महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट द्यायचं. फ्लुऑक्सेटिन आल्यावर ती धास्ती पुष्कळ कमी झाली. गुण येण्याच्या बाबतीत ते जुन्याहून फार सरस नव्हतं, पण साधा फॅमिली डॉक्टरही निर्धास्तपणे लिहून देऊ शकला, आणि एवढ्या एका गोष्टीने लाखो लोकांपर्यंत उपचार पोचले. हे नवीन नाही तर काय?

बाकी कूनबद्दल एक जोडतो. त्याच्या हॉस्पिटलात कितीतरी पेशंटांना न विचारता, नीट संमती न घेता औषधं तपासली गेली, २०१९ मध्ये इतिहासकारांनी तिथली जुनी कागदपत्रं धुंडाळून ते सगळं बाहेर काढलं. पेशंटकडे नीट बघणारा माणूस, बरोबर, पण पेशंटला न सांगता बघणारा.

म्हापशेकर_काका
मी आपला स्पष्ट बोलतो. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं म्हणून डिप्रेशन येतं, असं आम्हाला वीस-पंचवीस वर्षं सांगितलं, डॉक्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर सुद्धा तसं चित्र असायचं. आणि २०२२ मध्ये पेपरात आलं की त्याला पक्का पुरावाच नाही. मग एवढी वर्षं लोकांनी गोळ्या कशाच्या खाल्ल्या? कंपन्यांनी पैसे छापले आणि काय. आमच्या वेळी माणूस गप्प बसला की चार लोक घरी यायचे, जेवायला घालायचे, देवळात न्यायचे.

रानमोगरा
काका, चार लोक यायचे खरं, पण किती जण विहिरीत सापडायचे त्याचाही हिशेब मांडा ना.

सेरोटोनिनची गोष्ट कुठून आली ते सांगते, त्यात आपल्याकडचा धागा आहे. मी बॉटनीवाली, म्हणून मला हा भाग जास्त आवडतो. सर्पगंधा, आपल्याकडे पूर्वीपासून वैद्य वापरत आलेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने ब्लड प्रेशर उतरतं असा पेपर लिहिला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ ला सिबा कंपनीने तिच्या मुळातून रेझर्पिन वेगळं काढलं. मग दिसलं की बीपीसाठी रेझर्पिन घेणारे काहीजण उदास होतायत, आणि प्राण्यांमध्ये बघितलं तर हे औषध मेंदूतला सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिकामा करतं. दुसऱ्या बाजूला आयप्रोनियाझिड हीच द्रव्यं मोडू देत नाही आणि त्याने माणूस खुलतो. दोन टोकं जुळवली आणि सिद्धांत तयार, कमी झालं की उदास, वाढलं की बरं. दिसायला इतका सुबक की कुणाला मोडवेना. रेझर्पिनने खरंच डिप्रेशन येतं का यावर नंतर बराच वाद झाला, पण तोवर सगळ्या कंपन्यांची मशिनरी त्याच रुळावर धावत होती.

रात्रपाळी
@रानमोगरा ताई, मस्त लिहिलंत.
@काका, सिद्धांत लंगडा निघाला म्हणून औषध निकामी ठरत नाही, तापाचं कारण चुकीचं सांगितलं तरी पॅरासिटामॉलने ताप उतरतोच. २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये ५२२ ट्रायल्स एकत्र करून तपासल्या, २१ औषधं, १ लाख १६ हजारांवर माणसं. एकवीसच्या एकवीस औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस निघाली. पण फरक मध्यम, हेही तेवढंच खरं. अमेरिकेच्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण एक तृतीयांश पेशंट पूर्ण बरे झाले. उरलेल्यांना दुसरं द्या, तिसरं द्या, दोन जोडून द्या, असं चालतं. आणि प्रत्येक वेळी चार ते सहा आठवडे थांबायचं, जे पेशंटला सांगताना माझाच जीव वर-खाली होतो कारण समोरच्याला पुढचा मंगळवार कसा काढायचा ते कळत नसतं.

कंपन्यांबद्दल तुमचा राग मात्र रास्त आहे. २००८ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएकडे नोंद असलेल्या ७४ ट्रायल्स आणि छापून आलेले पेपर शेजारी ठेवून बघितले. एफडीएच्या मते ३८ चांगल्या होत्या, त्यातली एक सोडून सगळ्या छापल्या. ३६ फसलेल्या किंवा संशयास्पद, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध चाललं. आम्ही डॉक्टर लोक हेच पेपर वाचून प्रिस्क्रिप्शन लिहीत होतो.

वेर्ण्याचा_केमिस्ट
माझ्या मते घोडं अडतं ते उंदरापाशी. डिप्रेशनचं औषध माणसात नेण्याआधी कशावर तपासतात माहितीये? काचेचा उंच नळा, त्यात पाणी, त्यात उंदीर सोडायचा. बाहेर येता येत नाही. थोडा वेळ तो हातपाय मारतो, काचेवर नखं घासतो, मग एका क्षणी थांबतो आणि नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगतो. सहा मिनिटांची टेस्ट, शेवटच्या चार मिनिटांत किती सेकंद तरंगला ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ पोहला तर औषध पास. १९७७ पासून हे चाललंय.

आता मला सांगा, तो उंदीर हताश झाला की शहाणपणाने दम वाचवतोय? आणि यात औषधाचा परिणाम टेस्टच्या थोडं आधी सुई मारली तरी दिसतो, माणसाला मात्र महिना लागतो. म्हणजे आपण मोजतोय ते भलतंच काहीतरी. बरं, या चाळणीतून निवडलं काय जाणार, तर आधीच्या औषधांसारखंच औषध, कारण टेस्ट त्यांच्यावरच बसवलेली. म्हणून मी या नव्या औषधांना जुन्यांची झेरॉक्स म्हणतो.

उंदरात चाललं आणि माणसात आपटलं याची यादी काढली तर धागा संपणार नाही. एकच सांगतो कारण शेवट मजेशीर आहे. मर्क कंपनीचं अ‍ॅप्रेपिटंट. सेरोटोनिनला हात न लावणारं, एकदम वेगळ्या रस्त्याचं, १९९८ ला मोठा गाजावाजा, मोठ्या ट्रायल्समध्ये प्लासिबोपुढे टिकलं नाही. तेच औषध २००३ ला केमोथेरपीच्या उलट्यांवर मंजूर झालं आणि आजही कॅन्सरचे डॉक्टर ते रोज लिहितात. अशा आपटबारांनी कंटाळून २०१० ला जीएसके आणि अ‍ॅस्ट्राझेनेका या दोन्ही औषध कंपन्यांनी मेंदूच्या या आजारांवरच्या संशोधनातून अंग काढून घेतलं.

काजू_बोंडू
एवढं सगळं कशाला मरे, हणजुण्याला जा, मशरूम खा, सगळं ठीक 😄 परदेशात त्यावर ट्रायल चालू आहेत म्हणे, आपले गोरे पाहुणे पन्नास वर्षं आधीच करून बसले.

रात्रपाळी
@काजू_बोंडू, हसलो, पण कुणी खरं मानू नये म्हणून लिहितो. सायलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य, आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेलं आहे, जवळ सापडलं तर जेल. ट्रायलमध्ये ते देतात तेव्हा आधी तयारीच्या बैठका, मग दिवसभर दोन माणसं शेजारी बसलेली, नंतर परत बैठका. घरात कुणाला बायपोलर किंवा सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) असेल त्यांना ट्रायलमध्ये घेतच नाहीत. पार्टीतल्या कुणाच्या तरी खिशातलं मशरूम आणि हे यांचा काहीएक संबंध नाही. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोण येतात ते आम्ही बघतो.

पण यातून एक खरी अडचण समोर येते. डबल ब्लाइंड म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो ते पेशंटलाही कळू नये. भिंती हलताना दिसायला लागल्या की कळणारच ना आपल्याला काय मिळालंय. डिप्रेशनमध्ये नुसत्या आशेने सुद्धा माणूस सुधारतो, प्लासिबोवर भरपूर लोकांना बरं वाटतं, मग जो ओळखतो की मला खरं मिळालं तो जास्तच सुधारतो आणि ज्याला कळलं नुसतं पाणी दिलंय तो खचतो. एमडीएमए हे पार्टीतलं नशेचं द्रव्य (ते पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी होतं) एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारलं, त्यातही हा आक्षेप होताच.

वेर्ण्याचा_केमिस्ट
याचं एक भारी उदाहरण. एस्केटामिन नाकात मारायचा स्प्रे आहे आणि घशात उतरला की कडू लागतो. तर ट्रायलच्या प्लासिबो स्प्रेमध्ये त्यांनी मुद्दाम डिनॅटोनियम नावाचं जहाल कडू द्रव्य घातलं, चवीवरून कुणाला ओळखता येऊ नये म्हणून. आम्ही प्लासिबो बॅच काढतो तेव्हा रंग, वजन, वरची छपाई सगळं जुळवतो, ब्लिस्टर उलटा धरून बघतो, पण चव कडू करायचं काम कधी आलं नाही. पण डोकं गरगरायला लावणारं प्लासिबो कुठून आणणार? तिथे सगळ्यांनी हात टेकलेत.

रात्रपाळी
आणि तरीही केटामिनला मी नवीन म्हणेन. २००० साली अमेरिकेच्या येल विद्यापीठात सात पेशंटांचा चिमुकला अभ्यास झाला, भुलीच्या डोसपेक्षा खूप कमी सलाईनमधून दिलं, आणि काही तासांत उदासी हलली. आठवडे नाही, तास! सेरोटोनिन नाही, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा रस्ता. म्हणजे तुमच्या चाळीस वर्षांच्या झेरॉक्समधून कुणीतरी बाहेर पडला. पण परिणाम आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, परत द्यावं लागतं, सवय लागायची भीती, मूत्राशयाचा त्रास. मार्च २०१९ ला एफडीएने एस्केटामिन मंजूर केलं ते दोन औषधांनी गुण न आलेल्यांसाठी, क्लिनिकमध्येच घ्यायचं, दोन तास नजरेखाली बसायचं. थोड्या मुदतीच्या तीन ट्रायल्सपैकी एकच धड पास झाली होती. आपल्याकडे साधं केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, मोठ्या शहरांत काही ठिकाणी सलाईनमधून देतात. फार्मसीत जाऊन मागायची वस्तू नाही, त्या म्हापशाच्या माणसाला तेवढं कळवा.

तांबडी_माती
नमस्कार, मी नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. वहिनीला बाळ होऊन दीड महिना झाला. सारखी रडते, बाळाला घ्यायला नको म्हणते, रात्री बाळ झोपलं तरी ही जागीच. सासूबाई म्हणतात पहिलटकरीण आहे, होतं असं, तेलमालीश आणि शेक नीट घे. मी नेटवर वाचलं की बाळंतिणींसाठी खास चौदा दिवसांची गोळी निघालीय. ती आपल्याकडे मागवता येईल का?

रात्रपाळी
ताई, गोळीचं नंतर बोलू, आधी वहिनीला या आठवड्यातच डॉक्टरना दाखवा. ज्यांनी बाळंतपण केलं त्यांच्याकडे गेलात तरी चालेल, किंवा सरळ बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात. स्वतःचा जीव नकोसा किंवा बाळ नकोसं झाल्यासारखं त्या काही बोलल्या, किंवा नसलेलं दिसतंय-ऐकू येतंय असं म्हणाल्या, तर आठवडाही थांबू नका, त्याच रात्री घेऊन या आणि त्यांना एकटं ठेवू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, फुकट. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर साधी, स्वस्त औषधं आपल्याकडे आहेत, सर्ट्रालिन अंगावर पाजतानाही सहसा देतात.

ती गोळी म्हणजे झुरॅनोलोन, एफडीएने ऑगस्ट २०२३ ला मंजूर केली. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं एक द्रव्य शरीरात भरपूर असतं आणि बाळंतपण झालं की ते धाडकन खाली येतं, त्याची नक्कल म्हणून ही गोळी. रोज संध्याकाळी स्निग्ध जेवणासोबत, चौदा दिवस, घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही. कल्पना चांगली आहे, मला तरी आवडते, कारण उंदराच्या नळ्यातून नाही, बाईच्या शरीरात काय घडतं तिथून ती सुरू झाली. पण अमेरिकेत एका कोर्सची किंमत १५,९०० डॉलर लावली, नाकापेक्षा मोती जड. आणि साध्या डिप्रेशनसाठी त्याच कंपनीने मागितलेली मंजुरी एफडीएने दिली नाही.

तांबडी_माती
देव बरें करूं. दादाला आत्ताच फोन लावते.

सत्तरीची_लेक
मी सत्तरी तालुक्यात आरोग्य केंद्रात काम करते. तुमची केटामिन आणि झुरॅनो का काय ती चर्चा वाचली, छान आहे, पण आमच्याकडे काय चालतं ते ऐका. पेशंट येते ती डिप्रेशन म्हणून येत नाही, अंग दुखतं, झोप नाही, डोकं जड, छातीत धडधडतं म्हणून येते. तिला बी-कॉम्प्लेक्स आणि दुखण्याची गोळी मिळते. चुकून कुणी ओळखलं आणि फ्लुऑक्सेटिन दिलं तर पहिल्या आठवड्यात मळमळ होते, ती बंद करते, शेजारीण म्हणते वेड्यांची गोळी आहे ती, सवय लागेल. माझ्या सख्ख्या काकीने असंच केलं, पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलेलं, काकांना दिसू नये म्हणून. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की मळमळ चार-आठ दिवसांत जाते आणि फायदा नंतर दिसतो. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, पण ओपीडीत त्या डॉक्टरकडे पाच मिनिटं नसतात.

आणि हे आपल्या गोव्यातच सिद्ध करून दाखवलंय. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि संगत संस्थेची माणसं. आधी कधी मानसिक आजाराचं काम न केलेल्या लोकांना शिकवून आरोग्य केंद्रात बसवलं, सहा ते आठ भेटी, मोठं तत्त्वज्ञान काही नाही. सकाळी उठून काय करणार, बंद पडलेलं कुठलं काम परत सुरू करणार, कोणाशी बोलणार, एवढंच पेशंटबरोबर बसून ठरवायचं आणि पुढच्या भेटीत विचारायचं. ४९५ पेशंटांची ट्रायल, लॅन्सेटमध्ये २०१७ ला आली. तीन महिन्यांनी या बाजूला ६४ टक्के बरे, नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के.

म्हापशेकर_काका
बघा! मी काय म्हणत होतो, चार लोक घरी यायचे. मग हे अब्जावधी डॉलर उंदराला पोहायला शिकवण्यात कशाला घालवतात?

वेर्ण्याचा_केमिस्ट
काका, थांबा. याच गोव्यात, पटेलांचीच आधीची ट्रायल, लॅन्सेट २००३. आपल्याच जिल्हा हॉस्पिटलांच्या ओपीडीतले पेशंट, एका गटाला फ्लुऑक्सेटिन, एकाला प्लासिबो, एकाला बोलून उपचार. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिनवाले प्लासिबोपेक्षा बरे होते, बोलण्याच्या उपचाराचा प्लासिबोपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. मग त्यांनी पुन्हा मांडणी केली, काय करायचं, कुणी करायचं, कुठे करायचं ते बदलत नेलं आणि तेव्हा कुठे ते ६४ टक्के आले. नुसतं चार लोक घरी येऊन "मन घट्ट कर" म्हणण्याने होत असतं तर २००३ लाच झालं असतं. औषधाइतकीच बोलण्याची उपचारपद्धत सुद्धा बनवावी लागते, तपासावी लागते, फसली की परत बनवावी लागते.

आणि ३९ आणि ६४ म्हणता तेव्हा ६४ च्या पलीकडचे ३६ कुठे जाणार? रात्रपाळी म्हणतात ते तीन-तीन औषधं झालेले पेशंट, त्यांना तुम्ही काय देणार, जेवण? त्यांच्यासाठी नवीन रेणू पाहिजेच. माझी तक्रार एवढीच की तो शोधायला उंदराच्या नळ्याऐवजी परत वॉर्डात जाऊन बसा.

सत्तरीची_लेक
बसा की, आमच्या केंद्रात जागा आहे. फक्त येताना फ्लुऑक्सेटिनचा स्टॉक घेऊन या, कधी कधी संपलेला असतो आणि मध्येच गोळी बंद झाली की ती बाई परत येत नाही.

पणजीचा_पोस्टमन
या सगळ्यात भारताने स्वतः काही शोधलं का हो? की आपण नुसते वेर्ण्याला गोळ्या दाबणारे?

वेर्ण्याचा_केमिस्ट
शोधलंय! नायट्रॉक्सॅझेपीन, ब्रँड सिंटामिल. मुंबईत गोरेगावला सिबाचं संशोधन केंद्र होतं, तिथल्या आपल्या केमिस्टांनी बनवलेलं, इमिप्रामिनच्या जातकुळीतलं, १९८० च्या दशकात आपल्या बाजारात आलं. म्हणजे सर्पगंधेतून रेझर्पिन काढणारी तीच सिबा. मग तसलं काम मागे पडलं. जेनेरिक बनवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, गोळी स्वस्त झाली ती त्यामुळेच आणि सत्तरीपर्यंत पोचली तर तीही त्यामुळेच. पण नवीन रेणूला दहा-बारा वर्षं आणि पोत्याने पैसे लागतात, त्यात डिप्रेशनसारखा आजार जिथे ना रक्ताची टेस्ट ना एक्स-रे, सतरा प्रश्नांचा हॅमिल्टनचा फॉर्म भरून मार्क मोजायचे, १९६० सालचा फॉर्म, त्यातले तीन प्रश्न नुसत्या झोपेवर. झोप आणणारी कुठलीही गोळी त्यात चार-पाच मार्क फुकटात मिळवेल. असल्या मोजपट्टीवर पैसे लावायला कुठला मालक तयार होणार?

रात्रपाळी
हॅमिल्टनबद्दल १००% सहमत. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो, तिथे भरपूर बोलायचंय. आणि हो, खोकल्याचं औषधही या यादीत आहे हे कुणी लिहिलं नाही अजून. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आपल्या सिरपमधलं, ते ब्युप्रोपिऑनला जोडून ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेत डिप्रेशनसाठी मंजूर झालं. ब्युप्रोपिऑन त्याला लिव्हरमध्ये लवकर मोडू देत नाही म्हणून ते रक्तात टिकतं. कृपया घरी सिरप पिऊन प्रयोग करू नका, विशेषतः आधीच सेरोटोनिनची गोळी चालू असेल तर, दोन्ही मिळून ताप, थरथर, फिट्स असं काहीही होऊ शकतं.

काजू_बोंडू
मशरूम नको, सिरप नको, फेणी तरी चालेल का डॉक्टर?

रात्रपाळी
तीच तर सगळ्यात जास्त चालते बाबा, म्हणूनच ओपीडी भरलेली असते.

म्हापशेकर_काका
बरं, मान्य नाही पण वाचतोय. त्या वहिनीचं काय झालं ते कळवा, बाकीचं राहू दे.

तांबडी_माती
काका, उद्या सकाळची वेळ घेतलीय. सासूबाई पण बरोबर येतायत, स्वतःहून म्हणाल्या.